एकवीस पुरणपोळ्यांचा अभ्यासदौरा

माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यातल्या बहुतेक भानगडी मला त्या अक्षरापायीच झाल्या. भवानीनगरला कारखान्याच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, तेवढ्या काळात निम्म्या कामगारांचे रजेचे अर्ज मीच लिहून दिले आणि नंतर मीच नामंजुरीचे शेरेही मारले. निवृत्त झाल्यावर कळसच्या बाहेर, कॅनॉलच्या अलीकडं प्लॉट घेऊन घर बांधलं. तरी हात स्वस्थ बसेना. चार वर्षांत सार्वजनिक हितासाठी एकोणीस अर्ज केले. खांबावरचा दिवा, मोकाट कुत्री, डीपीचं तुटलेलं दार, आणि कॅनॉलपलीकडच्या पत्र्याच्या शेडवरचा कर्णा. हा कर्णा पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. तिकडं पुनर्वसनातली माणसं राहतात. सरकारनं कुठल्याशा डोंगरातून उठवून आणलेली आहेत, एवढं मला ठाऊक होतं आणि त्याहून जास्त ठाऊक करून घ्यायची गरज वाटली नव्हती. अर्ज मात्र कडक लिहिला होता. ते असो.

तर आमच्या श्रेयाचं लग्न ठरलं. मुलगा अविराज, बारामतीच्या एमआयडीसीत तिच्याच कंपनीत. व्याही समजूतदार, हॉल मिळालेला, आचारी पक्का. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला अर्ज करायला जागाच उरली नव्हती. लग्नाला महिना असताना पत्रिका छापून आल्या. वर सोनेरी अक्षरात ‘श्री वाघजाई प्रसन्न’. मी पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावून देवघरातल्या टाकासमोर ठेवली आणि हात जोडले.

मागून दगडाबाई आत्या म्हणाली, “ही कुनाला दिलीस?”

“कुलदेवतेला. पहिली पत्रिका.”

“टाकाला दिलीस. टाक म्हंजी तिचा फोटू. फोटूला आवतान देत्यात व्हय?”

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. तरुणपणीच माहेरी परत आली आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मला दोन वर्षांचा असताना पाठीशी बांधून ती खुरपायला जायची, असं ती आठवड्यातून एकदा तरी सांगते, आणि ते खरं आहे. त्यामुळं कारखान्यात साडेतीनशे माणसांना वेळेवर आणणारा मी घरात तिच्यापुढं हजेरीला उभा असतो.

“मूळ ठान्यावर जायाचं,” आत्या म्हणाली. “डोंगरात. आईच्या म्होरं पत्रिका ठेवायची, हिरवं पातळ, खण, नारळ घालून ओटी भरायची, पुरनाचा निवद दावायचा. मग मी हळद दळीन. तुज्या लग्नाच्या येळंला तुजा बा तितं गेला न्हाई. बघ मग कसा झालास.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर तुमी लगीन करा. मी हितंच बसते जपमाळ घेऊन.”

आत्या लग्नाला नाही, म्हणजे माझ्या लेखी ते लग्नच नाही. हे मी कुणाला बोललो नाही, पण राजेश्वरीला, म्हणजे माझ्या बायकोला, न सांगता कळतं. तिनं त्याच संध्याकाळी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

मूळ ठाणं कुठं, हे शोधायला तीन दिवस गेले. आत्या तिथं एकदाच, आठ वर्षांची असताना, बैलगाडी आणि मग पायवाटेनं गेली होती. तिला गावाचं नाव आठवत होतं आणि ‘तिथं आभाळ लई जवळ हाय’ एवढी खूण आठवत होती. श्रेयानं मोबाईलवर नकाशा काढला. गाव सापडलं, पण त्याच्यावर सगळीकडून हिरवा रंग ओतलेला. ते आता राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन मध्यात होतं. उद्यानाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या कार्यालयाला मी अजून एक अहवाल देणं लागतो.

बातमी कॉलनीत पसरली आणि शेजारी मदतीला आले. हे व्हायचंच. सर्जेराव आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. ते म्हणाले, “राष्ट्रीय उद्यान कशाला एवढं लांब? आपल्या सुप्याला अभयारण्य हाय की. जंगल ते जंगल. तितं हरणांच्या साक्षीनं भरा ओटी, दुपारी जेवायला घरी.” मी म्हटलं, देवी तिथं नाही. ते म्हणाले, “देव चराचरात असतो, इजयराव. डिझेल नसतं.” मग पुण्यात आपल्या ओळखीचा एकजण आहे, त्याला फोन लावू का, असं त्यांनी विचारलं. सर्जेराव गेली दहा वर्षं त्या माणसाला फोन लावायची तयारी दाखवताहेत. अजून लावलेला नाही.

परवानगी ऑनलाइन होती. अर्ज म्हटल्यावर माझ्या अंगात उत्साह संचारला, पण हा अर्ज हातानं लिहायचा नव्हता. ‘भेटीचा उद्देश’ या रकान्यात चारच पर्याय होते: पर्यटन, संशोधन, चित्रीकरण, शासकीय काम. देवाचा रकाना नव्हता.

“पप्पा, पर्यटन टाका,” श्रेया म्हणाली.

पण पर्यटकांची जीप फक्त दोन पॉइंट आणि एक मनोरा दाखवून परत आणते. आतल्या उठलेल्या गावांपर्यंत जायची मुभा संशोधकांनाच. चित्रीकरणाला कॅमेरा लागतो आणि शासकीय काम म्हणायला मी निवृत्त. मी छाती पुढं काढून ‘संशोधन’वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. संशोधनाचा विषय, उद्दिष्टं, पद्धती आणि चमूची नावं तीन प्रतींत पाठवावीत. मी दोन रात्री बसून विषय काढला: ‘सह्याद्रीतील ग्रामदेवता व स्थलांतरित कुटुंबे: एक प्रत्यक्ष अभ्यास’. उद्दिष्टं सात लिहिली. त्यातली सहा मलाही कळली नव्हती. चमू असा: मुख्य संशोधक मी. सहसंशोधक श्रीमती दगडाबाई, वय चौऱ्याऐंशी. साहित्य संकलक सौ. राजेश्वरी. वाहनचालक तथा तांत्रिक साहाय्यक बादशाहभाई. बादशाहभाईंचं इंदापुरात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे आणि त्यांची गाडी डोंगर चढते, म्हणून ते. श्रेयाला रजा नव्हती.

चार दिवसांनी परवानगी आली. मी ती चारदा वाचली, कारण मराठी उत्तम होतं. ‘सदर गाव पुनर्वसित असून स्थळ निर्मनुष्य आहे. चमूने निरीक्षण करून तीस दिवसांत अहवाल सादर करावा.’ निर्मनुष्य हे वाचून मी उलट खूशच झालो. गर्दी नको असतेच मला. माणसं उठतात, देव कुठं उठतो?

निघायच्या आदल्या रात्री राजेश्वरी झोपलीच नाही. निवद शिळा चालत नाही, म्हणून दोनला पुरण वाटलं आणि एकवीस पोळ्या करून, वर तुपाची वाटी ठेवून डबा कपड्यात बांधला. तीनला आम्ही निघालो. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर पत्रिका. “आवतान मागच्या सीटवर ठेवत न्हाईत,” म्हणाली.

उजाडलं तेव्हा ऊस संपला होता. मग घाट लागला, आणि एका वळणावर खाली सगळं हिरवं उघडं पडलं. डोंगरामागं डोंगर, मधे धरणाचं निळं पाणी, आणि वैशाख असून झाडांवर कोवळी तांबूस पालवी. गाडी थांबवून आम्ही खाली उतरलो. बादशाहभाईंनी सुस्कारा सोडला.

“केवढं पानी हाय, विजयभाऊ. ह्याच्यावर ऊस किती बसंल?”

मीही मनातल्या मनात तेच गणित करत होतो, हे कबूल करतो. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला निसर्गसौंदर्य कळत नाही असं नाही. आधी पाण्याचा हिशेब लागतो, मग कळतं.

नऊ वाजता उद्यानाच्या फाटकावर पोचलो. तिथं रणजित नावाचा वनरक्षक होता. तरुण, सभ्य, आणि नियमांना चिकटलेला. अशी माणसं मला आवडतात, फक्त मी फाटकाच्या आतल्या बाजूला असलो तर. त्यानं परवानगी वाचली, मग आमच्याकडं पाहिलं, मग पुन्हा परवानगी वाचली.

“सहसंशोधक कोण?”

मी आत्याकडं बोट केलं.

“आजी, तुमचा विषय काय?”

“माजा इषय?” आत्यानं राजेश्वरीकडं हात केला. “ही. पंचवीस वरसं अभ्यास चालू हाय, अजून वरण पातळच करती.”

रणजितनं हसू दाबलं आणि सामान तपासायला घेतलं. हिरवं पातळ निघालं. हे कशाला? ‘नमुना,’ मी म्हणालो. बांगड्या? तोही नमुना. नारळ आत न्यायला हरकत नाही, पण फोडायचा नाही. उदबत्ती, काडेपेटी इथंच ठेवायची. मग त्यानं डबा उघडला आणि वेलदोड्याचा वास त्या फाटकावर पसरला.

“खायचं सामान आत नेता येत नाही, साहेब. जनावरांना सवय लागते.”

“अरे, हा नैवेद्य आहे.”

“परवानगीत संशोधन लिहिलंय.”

माझंच अक्षर नव्हतं, पण माझीच वाक्यं होती. मी पावती मागितली. रणजितनं खरोखर पावती केली: ‘पुरणपोळ्या, नग एकवीस. तूप, वाटी एक. डबा स्टीलचा.’ खाली सही, वेळ, शिक्का. बत्तीस वर्षांत इतकी स्वच्छ पावती मी पाहिली नव्हती. आत्या मात्र खवळली. “आईला काय पावती दावू?” म्हणाली. मी तिला समजावलं की आधी ओटी भरू, निवद फाटकातून हात जोडून दाखवू. तिनं तोंड फिरवलं.

आत आठ किलोमीटर गाडीनं आणि मग अर्धा तास चढ. रणजित सोबत आला. वाटेत दगडात खोदलेल्या जुन्या पायऱ्या होत्या, त्यावरून पूर्वी बैल कोकणात मिठाला जायचे म्हणे. एक पाण्याचं टाकं, कातळात कोरलेलं, आत हिरवं गार पाणी. दोन वीरगळ, झिजलेले, घोड्यावरचा माणूस नुसता हातानं चाचपून कळावा असा. वर फांदीवरनं एक तांबडं शेकरू आमच्याकडं बघत होतं. मला ‘निरीक्षण’ करायचं असल्यानं विसाव्याला टेकल्यावर मी डायरी काढली, पण धाप इतकी लागली होती की ‘शेकरू एक’ याच्यापुढं काही लिहिता आलं नाही. सर्जेरावांचं सुपं मनात अधूनमधून येत होतं.

आत्याला मी आणि बादशाहभाईंनी हाताची खुर्ची करून उचललं होतं. एका ठिकाणी ती एकदम म्हणाली, “उतरवा. देवराई आली.”

खरंच झाडी बदलली होती. खोडं कवेत न मावणारी, ऊन जमिनीपर्यंत पोचत नव्हतं. आत्यानं चप्पल काढली, म्हणून आम्हीही काढल्या. रणजितनं बूट काढले, हे मी मुद्दाम नोंदवतो. “हितली काडी मोडायची न्हाय,” आत्या सांगत होती. “आज्यानं एकदा दातवानाला काडी मोडली, तर आठ दिस दात ठनकत हुता.” रणजित म्हणाला, “आजी, म्हणूनच तर जंगल राहिलं. आमचं खातं नंतर आलं.”

पुढं तीन पायऱ्यांचा दगडी चौथरा होता. आत्या शेवटची दहा पावलं एकटी चालली. पत्रिका दोन्ही हातांत. पहिली पायरी चढली, दुसरी चढली, आणि थांबली.

चौथऱ्यावर कुणी नव्हतं. मधोमध गोल खड्डा, त्यात सुकलेली पानं आणि बांगड्यांचे जुने तुकडे. बस्स.

“आये?” आत्या म्हणाली. एखाद्या घरी जावं आणि दाराला कुलूप दिसावं, तशी ती इकडंतिकडं बघू लागली. राजेश्वरीच्या हातात हिरवं पातळ तसंच राहिलं. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज नामंजूर झालेले पाहिलेत, पण त्या वेळी मला आत कुठंतरी फार वाईट वाटलं.

“अहो, देवी तर गावाबरोबर गेली,” रणजित म्हणाला. त्याला वाटलं होतं आम्हाला ठाऊक आहे, आम्ही संशोधक ना. “बारा वर्षं झाली. गाव म्हणालं, आईला एकटी ठेवून आम्ही उठणार नाही. मग भांड्याकुंड्यांच्या ट्रकातच तिला नेली. मी तेव्हा नवीन होतो. सगळ्यात पुढच्या ट्रकात होती, गोधडीत गुंडाळलेली.”

“कुठं नेली?” मी विचारलं.

“तिकडं खाली, तुमच्याच भागात कुठंतरी. इंदापूर तालुका. कॅनॉलच्या कडंला पुनर्वसनाचं गावठाण आहे बघा. कळसजवळ.”

बादशाहभाईंनी माझ्याकडं पाहिलं. राजेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. मी शेकरूकडं पाहिलं. ते निघून गेलं होतं.

आत्याचं मात्र तोंड उजळलं. “म्हंजी ती आपल्या शेजारी येऊन राहिली? आन तुला ठावं न्हाई?”

“नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“बरं. चल. निवद शिळा हुयाच्या आत पोचायचं.”

फाटकावर रणजितनं पोळ्या मोजून परत केल्या. एकवीस. पावतीवर ‘परत मिळाल्या’ असं लिहून मी सही केली. येतानाचे सहा तास मी डोळे मिटून बसलो. आत्याला वाटलं मी दमलोय. मी चार महिन्यांपूर्वीचा एक मजकूर आठवत होतो, आणि तो मला शब्दन्‌शब्द आठवत होता. गेला महिनाभर कर्णा बंद होता, त्याचं श्रेयही मी कॉलनीत घेतलं होतं.

दिवेलागणीला आम्ही कॅनॉलचा पूल ओलांडला. माझ्या घराचा दिवा तिथून दिसत होता. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई समई लावत होती. साठीची, कपाळाला मोठं कुंकू. फुलाबाई नाव, गुरवांची. “या बसा,” म्हणाली, आम्ही कोण हे विचारायच्या आधी.

आत शेंदूर लावलेला तांदळा होता, नाकडोळे नसलेला नुसता दगड, हातभर उंच. आत्या त्याच्यापुढं बसली, हात लांब करून डाव्या बाजूनं चाचपलं आणि म्हणाली, “ही बघ खाच. हितं माजं बोट बसलं हुतं.” बोट अजून बसत होतं. मग ती लहान पोरीसारखी रडली. राजेश्वरीनं ओटी भरली, पत्रिका ठेवली, पोळ्यांचा निवद दाखवला. बादशाहभाई पायरीशी रुमाल डोक्याला बांधून उभे होते. फुलाबाईंनी त्यांनाही आत बोलावून पोळी दिली.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आत्याचं लक्ष खांबाकडं गेलं. खांबाला सरकारी शिक्क्याचा कागद डकवला होता आणि त्याच्या खाली दुसरा.

“ह्ये काय?”

“नोटीस हाय, आजी,” फुलाबाई म्हणाल्या. “कॅनॉलच्या जागंत शेड हाय, काढा म्हनत्यात. कर्नाबी उतरवला. कुनीतरी अर्ज केलाय. त्येची झेराक्स लावलीया त्येंनी. पर अक्षर लई ग्वाड बगा. मी नातीला म्हनलं, अर्ज कसला का असंना, अक्षर असं पायजे.”

राजेश्वरीनं लांबूनच ओळखलं. तिनं तोंडाला पदर लावला.

“मला दिसत न्हाय,” आत्या म्हणाली. “इज्या, वाच की रं काय लिवलंय.”

मी वाचलं. दुसरा इलाज नव्हता. स्वतःचा अर्ज मी आजवर कधी मोठ्यानं वाचला नव्हता. “…सदर ठिकाणी काही उपऱ्या मंडळींनी कुठल्याशा देवाच्या नावाखाली अतिक्रमण केले असून, पहाटेच्या कर्कश आवाजाने सुशिक्षित नागरिकांची झोपमोड…” खाली नाव होतं. तेही वाचलं.

फुलाबाई माझ्याकडं बघत राहिल्या, रागानं नाही, नुसतं अक्षर आणि माणूस जुळवून बघावं तसं.

मला वाटलं, आत्या आता सगळ्यांसमोर माझी चंपी करणार. करायलाच हवी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तांदळ्याकडं वळून पदर पसरला आणि म्हणाली, “आये, पोरगं आपलंच हाय. मीच वाढीवलंय. तुजं नाव तेवढं सांगायचं ऱ्हायलं माज्याकडनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या कार्यालयात माझ्याच अर्जाविरुद्ध अर्ज घेऊन गेलो. कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. “तक्रारदार आन हरकत घेनारा एकच?” मी व्हय म्हणालो. असा रकाना त्यांच्याकडंही नव्हता. पुढचे बारा दिवस मी रोज गेलो, रांगेत उभा राहिलो, पुनर्वसनाचे जुने नकाशे झेरॉक्स केले. शेवटी निघालं की देवळाची जागा मूळ आराखड्यात होतीच, तिथं शेड बरोबर उभी होती. नोटीस मागं घेतली गेली. आत्यानं हळद दळली. लग्नात पहिल्या अक्षता फुलाबाईंनी टाकल्या, आणि उपऱ्या मंडळींची शंभर पानं जेवून गेली. उद्यानाचा अहवाल राहिलाय तेवढा.

लग्नानंतर चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला कर्णा पुन्हा सुरू झाला. आत्याच्या सांगण्यावरून तोंड आमच्या घराकडं केलेलं. सात वाजता सर्जेराव डोळे चोळत आले.

“इजयराव, परत चालू झालं की. एक कडक अर्ज टाका. तुमचं अक्षर हाय.”

“कुणाविरुद्ध?”

“हाय की तिकडं, कुठलासा देव.”

मी खुर्ची पुढं सरकवली. “बसा सर्जेराव, चहा घ्या. आधी तिचं नाव सांगतो.”